हत्तीला सोंड कुठंय? मोठ्या शिशूच्या वर्गातलं बुद्धिबळ: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं एक गाव. तिथल्या एका मराठी बालवाडीत जून २०२५ मध्ये ठरलं, की मोठ्या शिशूच्या मुलांना बुद्धिबळ शिकवायचं. वर्गात २४ मुलं, त्यांतल्या ११ मुली. वयं साडेचार ते सहा. वर्गाच्या ताई अनुभवी, हाताखाली एक मावशी, वरती संस्थेचे सचिव, आणि बाहेरून बोलावलेला मी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि कुणाचंही नाव दिलेलं नाही.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पहिल्या चुका माझ्याच आहेत. सांगलीकडे बुद्धिबळाचं वेड जुनं. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ ही नावं ऐकत, उन्हाळी स्पर्धांत खेळत, बहुतेक वेळा हरत मी मोठा झालो. पुढे शिकवायला लागलो. पण माझे विद्यार्थी आठ वर्षांच्या पुढचे. आठ वर्षांचं मूल तासभर बसतं, नियम सांगितला की मान डोलावतं आणि घरी जाऊन सराव करतं. बालवाडी म्हणजे तेच, फक्त जरा हळू, असं मी गृहीत धरलं होतं.

बुद्धिबळच का, याचं खरं उत्तर दोन भागांत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला आणि पालक विचारू लागले, हा एक भाग. गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेने फलकावर ‘चेस’ लिहिलं आणि आमच्या बालवाडीची पटसंख्या दोन वर्षं घसरत होती, हा दुसरा. सचिवांनी ते लपवलं नाही. ‘सर, मला जूनमध्ये वर्ग भरलेला दिसला पाहिजे,’ ते म्हणाले. पुढचे बरेच पेच याच वाक्यातून निघाले.

मंगळवार आणि शुक्रवार, डबा खाण्याआधी अर्धा अर्धा तास मिळाला. संस्थेने रेक्झिनचे पट आणि प्लास्टिकच्या सोंगट्या असे १२ संच आणले. कुणीतरी चुंबकाचा छोटा प्रवासी संचही भेट दिला होता. तो ताईंनी पहिल्याच दिवशी कपाटात कुलूपबंद केला. मुलाने दोन चुंबक गिळले तर ते पोटात आतड्यासकट एकमेकांना चिकटतात, हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

अडचण

पहिल्या दिवशी मी भिंतीवर मोठा पट टांगला आणि एकेक सोंगटी दाखवू लागलो.

‘हा हत्ती.’

‘सोंड कुठंय?’ पहिल्या रांगेतून.

‘सोंड नसते याला. पण हा हत्तीच.’

‘ही बादली आहे,’ दुसरा म्हणाला आणि वर्गाने एकमताने ते मान्य केलं.

मुलांचं काही चुकलं नव्हतं. आपण बाजारातून आणतो ती सोंगटी युरोपीय घडणीची, किल्ल्याच्या बुरुजासारखी. नाव मात्र आपलं. मुळात चतुरंगात, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या भारतीय रूपात, हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ होतं. कोपऱ्यात रथ असे. हत्तीची जागा ती, जिथे आज आपण उंट ठेवतो. अरबांनी त्या सोंगटीला ‘अल-फील’, म्हणजे हत्तीच म्हटलं. आपल्याकडे पुढे हत्ती कोपऱ्यात सरकला आणि त्याच्या जागी उंट आला. शेजारी बंगालीत कोपऱ्यातल्या त्याच सोंगटीला नौका म्हणतात. हे सगळं मला येत होतं आणि पाच वर्षांच्या मुलापुढे त्याचा काडीचा उपयोग नव्हता. उंटाच्या डोक्यावरची खाच पाहून एकीने विचारलं, ‘याला कुणी चावलं?’

दुसऱ्या तासाला मी ‘मारणे’ हा शब्द वापरला. आपण सगळेच वापरतो: घोडा मारला, वजीर मारला. एका मुलीने आपला घोडा पटावरून उचलला, फ्रॉकच्या खिशात घातला आणि तास संपेपर्यंत खिशावरचा हात काढला नाही. तिच्याकडून घोडा परत मिळवायला मावशीला गोष्ट सांगावी लागली.

तिसऱ्या तासाला तर पटांचं लग्नघर झालं. राजा-वजिराचं लग्न लागलं, प्यादी वऱ्हाडी झाली, घोडे बाकाखाली बांधले गेले. मी टाळ्या वाजवून सगळं थांबवलं. शेवटी सोंगट्या मोजल्या. १२ संचांच्या ३८४ हव्या होत्या, भरल्या ३७१.

मुलं गेल्यावर ताई खाली बसून सोंगट्या वेचत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, ‘सर, ती खेळतच होती की. तुम्ही थांबवलंत.’

मला राग आला होता, हे कबूल करतो. घरी जाताना हिशेब केला. मी तीन तासांत सहा प्रकारच्या चाली, ६४ घरं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हातची वस्तू गमावणं आणि हरणं, हे सगळं एकदम मांडलं होतं. यातलं कुठलंही एक पाच वर्षांच्या मुलाला जमतं. सगळी एकदम मोठ्यांनाही जमत नाहीत. अडचण मुलांच्या वयात कमी आणि माझ्या ताटात जास्त होती. मी पंगतीतलं सगळं एकदम वाढलं होतं.

समोरचे पर्याय

त्या शनिवारी ताई, सचिव आणि मी बसलो. चार पर्याय निघाले.

माझा स्वतःचा: बंद करू, दुसरीपासून घेऊ. प्रामाणिक होता, पण त्यात माझी सुटकाही होती. सचिवांचा: चुणचुणीत पाच-सहा मुलं निवडा, त्यांना नीट तयार करा, बाकीच्यांना चित्र रंगवू द्या. एका पालकाचा, सचिवांमार्फत आलेला: टॅबवर ॲप लावा, मुलं आपोआप शिकतात. यावर दोन मिनिटंही गेली नाहीत. संस्थेत टॅब एकच होता आणि तो सचिवांच्या घरी असायचा.

चौथा ताईंचा. सगळ्या मुलांना घ्यायचं, पण दिवाळीपर्यंत ‘बुद्धिबळ’ शिकवायचं नाही. एका वेळी एक सोंगटी, तीही आधी अंगाने खेळायची. पटावर नंतर. ‘ताराबाई-गिजुभाईंनी आपल्याला दुसरं काय सांगितलंय?’ त्या म्हणाल्या. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका, आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणारे. सचिवांनी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा हवाला दिला: पायाभूत स्तर तीन ते आठ वर्षं, खेळातून शिक्षण, म्हणजे कागदोपत्रीही बसतं. पर्याय मान्य झाला तो बहुधा या दुसऱ्या कारणाने. आमची हरकत नव्हती.

खरी खडाजंगी माहितीपत्रकावर झाली. मसुद्यात ‘बुद्धिबळाने गणित सुधारते, बुद्धी वाढते’ असं होतं. मी म्हटलं, हे छापू नका. इंग्लंडमध्ये १०० प्राथमिक शाळा घेऊन चाचणी झाली होती. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना शाळेच्या वेळात ३० तास बुद्धिबळ शिकवलं आणि वर्षभराने गणित तपासलं, तर न शिकलेल्या मुलांच्या तुलनेत फरक दिसला नाही. २०१६ साली तसा अहवाल आला. मुलांना खेळ आवडतो, एवढं कारण मला पुरेसं आहे. सचिव म्हणाले, ‘एवढ्यावर कोण प्रवेश घेईल?’ शेवटी छापलं गेलं ‘एकाग्रतेसाठी बुद्धिबळ’. तडजोड म्हणजे दोघांनाही न आवडलेलं वाक्य.

काय केलं

अंगाने खेळायचं तर मोठा पट हवा. आठ बाय आठचा कापडी पट शिवून घ्यायचा विचार होता. मावशी म्हणाल्या, व्हरांड्यात फरशी आहे की. शहाबादी फरशी, चौकोनीच. मोजली तर व्हरांड्याची रुंदी पाच फरश्यांची भरली. मी हिरमुसलो. बुद्धिबळाचा पट पाचाचा नसतो. पण दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून एकाआड एक फरशी गेरूने रंगवून पाच बाय पाचचा पट केला. पावसाच्या झडीने तो दर आठवड्याला पुसट व्हायचा आणि सोमवारी मावशी पुन्हा रंगवायच्या.

वर्षभरात आम्ही घेतलेला सर्वांत चांगला निर्णय हा होता, आणि तो आम्ही घेतलेलाच नव्हता. पंचवीस घरांत मूल हरवत नाही. समोरची कड दिसते. डाव तीन-चार मिनिटांत संपतो. हरलं तरी हरणं छोटं असतं, लगेच दुसरा डाव मांडता येतो.

पहिला आठवडा हत्तीचा. मूल ओढणी नाकाशी धरून सोंड करतं आणि सरळ चालतं: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. वळायचं असेल तर थांबून, नवी चाल म्हणून. फरशांवर कागदाच्या उसाच्या कांड्या ठेवलेल्या. आमच्या भागात हत्तीने काय खायचं हे मुलांना विचारावं लागलं नाही. किती चालींत सगळा ऊस संपतो? मग मध्ये पाटी आडवी ठेवून रस्ता अडवायचा. मोकळ्या पटावर हत्ती कुठूनही कुठेही दोन चालींत पोचतो, हे एकाने तिसऱ्या दिवशी ओरडून सांगितलं. मी सांगितलं असतं तर ते ऐकलंही गेलं नसतं. वर्गात ताईंनी खेळमातीच्या सोंडा करून प्लास्टिकच्या बादल्यांना चिकटवल्या. त्या दिवसापासून बादली हत्ती झाली.

उंट सोपा गेला. एक उंट गेरूवरचा, एक साध्या फरशीवरचा. दोघं एकमेकांना भेटायला निघाली आणि भेटेचनात. ‘ताई, हा माझ्या घरी येऊच शकत नाही,’ खिशात घोडा लपवणारीच म्हणाली. तिला आम्ही पुढे घोडेवाली म्हणू लागलो.

घोड्याशी माझी भाषा आडवी आली. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात, घोडा अडीच घरं चालतो. मी तेच म्हटलं. एकाने फरशीवर वाकून विचारलं, ‘अर्धं घर कुठलं?’ खरंच, कुठलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताईंनी लंगडीची चाल केली: टप, टप, वळ. दोन उड्या सरळ, तिसरी बाजूला. ‘टप, टप, वळ’ म्हणत मुलं जिना उतरायला लागली. घोडा दुसऱ्यांवरून उडी मारतो, हे लंगडी घालणाऱ्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. तो एखाद्याला उडवतोच.

सगळ्यात अवघड निघालं ते बिचारं प्यादं. चालतं सरळ, मारतं तिरकं. तीन आठवडे गेले. समोर उभा असलेल्याला का मारायचं नाही, हा मुलांचा प्रश्न रास्त होता आणि ‘नियम आहे’ हे माझं उत्तर नापास होतं. तोड ताईंनी काढली. प्यादं म्हणजे मावळा. मावळ्याच्या हातात ढाल असते, ती समोर. ढालीतून तलवार कशी चालेल? ती बाजूने, तिरकी काढावी लागते. पुठ्ठ्याच्या ढाली घेऊन मुलं फरशांवर उभी राहिली आणि एका तासात गाडी रुळावर आली. इतक्या वर्षांत मी हा नियम इतका चांगला कधी शिकवला नव्हता.

‘मारणे’चं काय करायचं, यावर बराच खल झाला. ‘खाल्ला’ म्हणावं तर मुलं सोंगट्या तोंडाकडे नेतात. लुडोसारखं ‘घरी पाठवला’ म्हणून पाहिलं, पण मग मुलं विचारायची, घरून परत कधी येणार? शेवटी ‘डब्यात गेला’ ठरलं. पटाशेजारी रिकामा डबा, आणि डब्यात गेलेल्यांचं तिथे जेवण. गंमत म्हणजे जानेवारीपर्यंत घरून, दादा-ताईंकडून ‘मारला’ आपसूक आला आणि कुणी रडलं नाही. आम्ही शब्दाचा बाऊ केला का? पहिल्या दोन महिन्यांपुरता तो हवाच होता, असं मला अजून वाटतं.

ऑगस्टपासून टेबलावर आलो. पाच बाय पाचचे पुठ्ठ्याचे पट, दोन्हीकडे पाच-पाच प्यादी. राजा नाही, वजीर नाही. जो पलीकडच्या कडेला पहिला पोचेल तो जिंकला. याला प्याद्यांची शर्यत म्हणायचो. मध्येच ताई घंटा वाजवायच्या आणि मुलांनी जागा बदलायच्या, म्हणजे आता समोरच्याचा डाव तुमचा. पहिल्यांदा आरडाओरडा झाला. दोन आठवड्यांत मात्र ‘माझी सोंगटी’ची भांडणं ओसरली, कारण कुठलीच बाजू शेवटपर्यंत कुणाची नसायची.

याच सुमारास एक आजोबा अवतरले. नातीला सोडायला आलेले, दारातूनच म्हणाले, ‘आमच्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. आणि राजाला एकदा घोड्याची उडी असते. तुम्ही हे कुठलं शिकवताय?’ ते देशी पद्धतीचे खेळाडू. घरी नातीला तसं शिकवत होते आणि ती वर्गात भांडत होती. मी वाद घालायच्या तयारीत होतो. मग लक्षात आलं, पाच घरांच्या पटावर प्याद्याला दोन घरांची चाल आम्हीही दिलेली नव्हती. म्हटलं, ‘आजोबा, सध्या तुमचाच नियम चालू आहे.’ ते दर शुक्रवारी येऊन कट्ट्यावर बसू लागले. एकच अट: ‘मी मुद्दाम हरणार नाही. पोरांना कळतं.’ ताईंनी त्यांना पाचऐवजी तीनच प्यादी दिली. ते खरोखर हरू लागले, आणि खरोखर चिडू लागले. मुलांना यापेक्षा मोठं बक्षीस काय हवं?

दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी किल्ले झाले. सुट्टीनंतर आठ घरांचा पट उघडला तेव्हा मुलं मातीचे मावळे घेऊनच आली. किल्लेकोट ही चाल मी एरवी फार उशिरा शिकवतो. राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडे येतो, हे मोठ्या मुलांनाही विचित्र वाटतं. इथे ‘राजाला किल्ल्यात न्यायचं’ म्हटलं आणि संपलं. मागच्या आठवड्यात त्यांनी तेच केलं होतं.

दोन पेच

पहिला जुलैअखेरचा. २८ जुलैला नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टरही झाली. दुसऱ्या दिवशी सचिवांचा फोन: सात वर्षांखालच्या स्पर्धेसाठी आपल्या चार मुलांचा संघ करा, बातमी लागेल. मी दोन तासांत चार नावं काढली. ताईंनी कागद पाहिला. ‘चारही मुलगेच कसे, सर? तेही या आठवड्यात?’

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून पुढचे चार दिवस मोकळ्या वेळात मागे उभं राहून पाहिलं. पट ठेवलेलं कपाट उघडलं की पाच-सहा मुलगे धावत जाऊन पट धरायचे. मुली दोन मिनिटं थांबून भातुकलीकडे वळायच्या. निवडीत मी तपासलं होतं ते कोण पुढे येतं एवढंच. घोडेवाली त्या यादीत नव्हती, आणि उंटाचा रंग बदलत नाही हे वर्गात पहिलं तिने सांगितलं होतं. मोकळ्या वेळी पट वाटायचं काम त्या दिवसापासून ताई चिठ्ठ्यांनी करू लागल्या.

संघ करायचा नाही असं ठरलं. सचिव नाराज झाले. ज्या पालकांना हवं त्यांनी स्वतः न्यावं, इतकी वाट ठेवली. डिसेंबरमध्ये दोघांनी नेलं. फॉर्म मीच भरून दिले, आणि तिथे मी चुकलो. एकाला मजा आली. दुसऱ्याने दुसऱ्या फेरीत चुकून वजिराला हात लावला. हात लावला ती सोंगटी हलवावी लागते, हे आम्ही कधी खेळवलंच नव्हतं. वजीर गेला, मूल पंचांसमोर रडलं आणि त्यानंतर जानेवारी अर्धा सरेपर्यंत त्याने पटाला हात लावला नाही. वर्गात तो घंटा वाजवायचा. पुन्हा खेळायला बसला तो आजोबांसमोर.

दुसरा पेच जानेवारीचा. एक मुलगा मोबाइलवरून चार चालींची मात शिकून आला. वजीर आणि उंट मिळून राजाशेजारच्या एका प्याद्यावर धाड. सुरुवातीच्या मांडणीत त्या प्याद्याला राजाशिवाय कुणाचाच आधार नसतो, म्हणून ही मात बसते. तो तीन तास सगळ्यांना हरवत सुटला. चौथ्या तासाला त्याच्यासमोर कुणी बसेना, आणि तो एकटाच पट मांडून बसलेला दिसला.

ती चाल बंद करावी, असं मला क्षणभर वाटलं. पण कायदेशीर चाल बंद करायची म्हणजे खेळ खोटा करायचा. सगळ्यांना बचाव शिकवावा, तर माझं भाषण पुन्हा सुरू. ताईंनी त्या मुलालाच ‘चोर कुठून येतो’ हे व्हरांड्यात दाखवायला सांगितलं. मधल्या काळात फरशीपट व्हरांड्याच्या लांबीकडे वाढवून पाच बाय आठचा केला होता. राजा, त्याच्या शेजारचं एकटं प्यादं, समोर उंट आणि वजीर, सगळ्या जागी मुलं उभी. तो ऐटीत सांगत होता. प्यादं झालेल्या मुलीने मान वळवून विचारलं, ‘माझ्या मागे फक्त राजाच आहे?’ मग एकाने घोडा होऊन वजिराच्या वाटेवर टप, टप, वळ केलं, दुसऱ्याने प्यादं पुढे टाकून वजिराला हुसकलं. पुढच्या मंगळवारी त्याचा वजीर तिसऱ्या चालीलाच पळवून लावला गेला. तो घरी जाऊन नवीन काहीतरी शोधायला लागला, असं त्याच्या आईने सांगितलं.

परिणाम

मार्चअखेर २४ पैकी नऊ मुलं आठ घरांच्या पटावर पूर्ण डाव, आमच्या मदतीशिवाय, मात होईपर्यंत खेळत होती. त्यांत चार मुली. अकरा जणांना कमी सोंगट्यांचे डाव येत होते आणि आवडत होते. चौघांनी रस घेतला नाही. त्यांतला एक दर तासाला सोंगट्या मोजून डब्यात लावायचा: ‘सोळा पांढरे, सोळा काळे, बत्तीस.’ मी त्याला न जमलेल्यांत धरलं होतं. ताईंनी त्याच्या प्रगतिपुस्तकात संख्याज्ञानापुढे तेच लिहिलं. त्याच्या मुकादमीत सोंगट्या हरवणं मात्र जवळपास थांबलं.

एकाग्रता वाढली का, हे आम्ही मोजलं नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पाळी येईपर्यंत थांबणं डब्याच्या रांगेतही दिसू लागलं, असं मावशींचं मत. पटसंख्या पुढच्या वर्षासाठी थोडी वाढली. बुद्धिबळाने की व्हॅन सुरू केल्याने, सचिव आणि ताई यांच्यात अजून एकमत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पालकसभा आम्ही सप्टेंबरमध्ये घेतली. ती पहिल्या आठवड्यात हवी होती. दोन महिने घरी एक आणि शाळेत दुसरं चालू होतं. काही आयांना वाटत होतं की मुलं व्हरांड्यात नुसती ओढण्या घेऊन फिरतात. त्यांना बोलावून एकदा हत्ती केलं असतं तर माहितीपत्रकाची गरजही कमी पडली असती.

पद्धतीचीही एक किंमत पडली, ती लपवण्यात अर्थ नाही. प्याद्यांची शर्यत इतकी मुरली, की पूर्ण डावात राजाला शह बसला तरी मुलं प्यादं पुढे ढकलत राहायची. त्यांच्या मनात जिंकणं म्हणजे पलीकडे पोचणं. ते पुसायला पाच-सहा आठवडे गेले. राजा आम्ही फार उशिरा आणला. पुढच्या वेळी गणपतीनंतर लगेच आणेन: दोन राजे आणि दोन-दोन प्यादी, बाकी काही नाही. दोन राजे शेजारी-शेजारी उभे राहू शकत नाहीत, हा व्हरांड्यातला खेळ व्हायला हवा होता. त्यात ढकलाढकलीला भरपूर वाव आहे.

हात लावलेल्या सोंगटीचा नियम वर्गात आणायचा की नाही, यावर ताईंचं आणि माझं जुळत नाही. त्या म्हणतात, पहिलीपर्यंत नको. मी म्हणतो, स्पर्धेला जाणाऱ्यापुरता तरी. बहुधा खरा उपाय म्हणजे या वयात फॉर्मच भरून न देणं, पण पालकाने मागितला तर नाही म्हणायचं बळ मला येईल का, सांगता येत नाही.

आणि व्हरांडा. संस्थेला देणगी आली आहे, मे महिन्यात शहाबादी उखडून चकचकीत मोठ्या टाइल्स बसवणार आहेत. ताईंनी अर्ज दिलाय, की दाराजवळच्या पाच रांगा तशाच ठेवाव्यात. मावशींनी सही केली, आजोबांनी केली, मीही केली. सचिवांनी अर्ज ठेवून घेतला आहे.